लिलावाच्या बातमीत न दिसणारी चित्रं

19 मार्च 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. लिलावगृहाचा अंदाज होता 25 ते 35 लाख डॉलरचा. एरवी चित्रप्रदर्शनाला दोन ओळीही न देणाऱ्यांना त्या दिवशी चित्रकला आठवली. विक्रमाचा गाजावाजा झाला, हुसेन यांच्या जन्मगावाचा, पंढरपूरचा, उल्लेख झाला. चित्राबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

ते आहे 1954 सालचं. जवळजवळ 14 फूट लांब, तेरा चौकटींत वसवलेलं एक खेडं. स्वयंपाक करणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या बायका, बैलगाडी, गुरं. एका चौकटीत शेतकरी एकटाच उभा आहे आणि त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या निसर्गदृश्याला आधार देतोय. स्वातंत्र्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. देश कुणाच्या जिवावर उभा राहणार, हे हुसेननी त्या एका हातात सांगून टाकलं आहे. चित्र त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं आणि 1964 मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळालं. पुढची कित्येक दशकं ते बाजारात फिरकलंच नाही. हीच लिलावात त्याची पुण्याई ठरली. हुसेनच्या नावावर बनावट चित्रांचा सुळसुळाट असताना मालकीची अशी स्वच्छ साखळी मिळणं दुर्मीळ, आणि बोली लावणारा त्या खात्रीचेही पैसे मोजतो.

इतर आकडे बघा. सॅफरनआर्ट या लिलावगृहाच्या लिलावांत तैयब मेहतांचा ‘ट्रस्ड बुल’ 61.8 कोटींना गेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये वासुदेव गायतोंड्यांचं 1970 चं एक चित्र 67.08 कोटींना. 2023 मध्ये अमृता शेरगिल यांच्या ‘द स्टोरी टेलर’लाही 61.8 कोटी मिळाले होते. शेरगिल यांची चित्रं कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा ठरलेली, देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक जवळपास बादच, तरीही एवढी रक्कम आली. आपल्याकडच्या श्रीमंतांचा खिसा किती खोल झालाय, ते यावरून कळतं. पण ही सगळी नावं दिवंगतांची आहेत. याला ‘समकालीन कलेची भरभराट’ म्हणणं म्हणजे निव्वळ धूळफेक. आज मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पोराच्या स्टुडिओच्या भाड्याशी या आकड्यांचा काडीचाही संबंध नाही.

खुद्द चित्रकाराशी तरी कुठे आहे? गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं करत राहिले आणि 2001 मध्ये गेले. कोटींची उड्डाणं त्यानंतरची. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली 53अ हे कलम आलं: मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा, कमाल दहा टक्के. कलम चांगलं आहे. ते अजून पुस्तकातच झोपलेलं आहे.

मला अधिक खटकते ती समीक्षेची गत. चित्राविषयी सगळ्यात तपशीलवार, सगळ्यात देखणं लेखन आज कुठे येतं? लिलावाच्या कॅटलॉगमध्ये. त्यातले काही लेख खरोखर अभ्यासू असतात, नाकारत नाही. पण ज्याला माल विकायचाय त्याने लिहून घेतलेला लेख ‘हे चित्र फसलंय’ असं कधीच म्हणणार नाही. गायतोंड्यांच्याही काही कॅनव्हासांत रंगाचे थर नुसतेच साचून राहतात, आतून उजळत नाहीत. हे कॅटलॉगमध्ये कोण लिहील? मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने गायतोंड्यांवर केलेलं काम त्यांच्या आजच्या भावावर विसंबून नव्हतं, म्हणून ते टिकलं. तसं काम बाकीच्यांवर व्हायला हवं. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सहा: सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. विदर्भातले गाडे आणि शिल्पकार बाकरे या यादीच्या शेवटी पडले आणि बोलीतही मागेच राहिले. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवे त्यांच्या पिढीतले अत्यंत विचारी चित्रकार, पण लिलावाच्या बातमीत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. हे तिघे कमी प्रतीचे होते म्हणून असं झालेलं नाही. त्यांच्याविषयी सातत्याने बोलणारं, लिहिणारं, चित्रं दाखवणारं कुणी पाठीशी राहिलं नाही, आणि बाजार अशा पाठबळाकडे बघूनच भाव ठरवतो.

एक मात्र लिलावगृहांच्या पदरात टाकायला हवं. विक्रीआधी ती चित्रं लोकांसमोर मांडतात. मुंबईत प्रभादेवीला सॅफरनआर्टमध्ये, बॅलार्ड इस्टेटला पुंडोलेंकडे ती बघता येतात. विकल्यावर यातली बरीचशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा गोदामात जातात आणि वीस-तीस वर्षं दिसत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी लिलावाची जाहिरात दिसली, तर निकालाच्या बातमीची वाट बघू नका. आधीच जाऊन चित्रं बघून या.