‘पडीक’ जमीन आणि स्त्रीवादी पर्यावरणदृष्टी

वंदना शिवा यांचा ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९८८) हा ग्रंथ स्त्री व निसर्ग यांचे नाते ‘प्रकृती’ या संकल्पनेतून मांडतो. ते नाते वर्ग, जात व श्रमविभागणी यांतून घडते, असा आक्षेप बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये घेतला. जैवइंधनाच्या संदर्भात हा आक्षेप निर्णायक ठरतो. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने सुपीक, सिंचित जमीन वगळून सामूहिक, सरकारी व वनखात्याच्या पडीक जमिनींवरील लागवडीस उत्तेजन दिले. अन्न आणि इंधन यांतील संघर्ष त्यामुळे टळतो, अशी धोरणाची भूमिका. परंतु ‘पडीक’ हा महसुली दप्तराचा शब्द आहे. भूमिहीन स्त्रिया तेथूनच सरपण व चारा आणतात. जट्रोफाचा पाला तर गुरेही खात नाहीत! शिवा यांची प्रकृतिरूप स्त्री या व्यवहाराचा निषेध करू शकते. सामूहिक जमिनीवरील हक्काचा प्रश्न मात्र अगरवाल यांच्याच मांडणीतून विचारता येतो.