पेटी, चर्चचा ऑर्गन आणि माझं परत आलेलं प्रपोजल



रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेतली नाटकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल. रंगमंचाच्या पुढे एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ऑर्गन. वादक पायाने भाता मारतो, नांदीचा पहिला सूर भरतो आणि सगळं नाट्यगृह शांत होतं. आणि मध्यंतरात चहा घेताना एक वाक्य कानावर पडतंच: "ऑर्गन ऐकायला गोड, पण मुळात बेसुरा. चर्चमधून आलेलं टेम्पर्ड वाद्य ते, आपल्या गाण्याला कसं चालणार?"

हे वाक्य मीही अनेक वर्षं म्हणत होते. इतकंच नाही, माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रपोजलचा तोच पाया होता. शीर्षक काहीसं असं होतं: 'टेम्पर्ड वाद्याच्या साथीमुळे गायकाच्या स्वरशुद्धतेवर होणारा दुष्परिणाम.' समितीने ते परत पाठवलं. शेरा एका ओळीचा होता: "दुष्परिणाम होतो हे आधीच ठरवलं आहे, मग संशोधन कशाचं?" तेव्हा राग आला. आज त्या ओळीचे आभार मानते. म्हणून आज याच वाक्याची चिरफाड करू या. तुम्हीही प्रपोजल लिहिणार आहात, उपयोग होईल.

वाक्य नीट पाहा. त्यात तीन दावे आहेत. एक, आपली पेटी-ऑर्गन चर्चच्या ऑर्गनच्या कुळातली. दोन, चर्चचा ऑर्गन टेम्पर्ड, म्हणून पेटी टेम्पर्ड. तीन, टेम्पर्ड म्हणून गायक बेसूर होतो. पहिला दावा खरा वाटला की उरलेले दोन आपण न तपासता मान्य करून टाकतो. घोटाळा इथेच होतो.

पहिला दावा: कुळ

चर्चच्या पाइप ऑर्गनमध्ये नळीतल्या हवेचा स्तंभ वाजतो. नळीची लांबी स्वर ठरवते. आपल्या पेटीत आणि नाटकातल्या ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, धातूची रीड थरथरते. पॅरिसमध्ये देबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते १८४२ मध्ये. लहान चर्चला, घराला परवडेल असं वाद्य म्हणून ते पसरलं, हे खरं. पट्ट्यांची रचना एकच, भात्याची कल्पना एकच. पण आवाज निर्माण होण्याची पद्धत वेगळी.

फरक किती मोठा? तापमान १० अंशांनी वाढलं, तर हवेतला ध्वनीचा वेग साधारण पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि नळीचा स्वर जवळपास ३० सेंट चढतो. (सेंट म्हणजे एका सप्तकाचे १२०० भाग.) रीडवर उष्णतेचा परिणाम त्या मानाने फारच थोडा. म्हणजे 'ऑर्गन' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी यंत्रं ठेवली आहेत. संशोधनात पहिली चूक अशीच होते: नाव एक, म्हणून वस्तू एक.

दुसरा दावा: चर्च म्हणजे टेम्पर्ड

आता गंमत पाहा. इटलीत बोलोन्याला सान पेत्रोनिओ नावाचं मोठं कॅथलिक चर्च आहे. तिथला लोरेंझो दा प्रातो यांचा ऑर्गन १४७० च्या दशकातला, आणि तो आजही वाजतो. तो सम-विभागणीत, म्हणजे आपण ज्याला 'टेम्पर्ड' म्हणतो त्यात, लावलेलाच नाही. तो मीनटोनमध्ये आहे.

मीनटोन म्हणजे काय? शुद्ध गांधार म्हणजे ५/४, सेंटमध्ये ३८६. सम-विभागणीत तो ४०० वर जातो, म्हणजे १४ सेंट चढा. मीनटोनमध्ये गांधार अगदी शुद्ध ठेवतात. त्याची किंमत पंचमाकडून वसूल करतात: तो ७०२ ऐवजी साधारण ६९७ वर उतरतो.

पण एक अडचण उरतेच. वही घ्या आणि करून पाहा. शुद्ध गांधाराचं अंतर तीनदा एकावर एक ठेवा: ५/४ × ५/४ × ५/४ = १२५/६४. तार षड्ज हवा १२८/६४. म्हणजे ४१ सेंट कमी पडले! पांढरी एक हा षड्ज धरला, तर काळी चारला दोन वेगवेगळ्या जागा लागतात. ग पासून पुन्हा गांधाराइतकं वर गेलात तर एक, आणि तार षड्जापासून तेवढंच खाली आलात तर दुसरी. एका पट्टीत दोन्ही बसत नाहीत.

मग इटलीतल्या काही जुन्या ऑर्गनकारांनी काय केलं? काळी पट्टी चक्क दुभंगली. पुढचा अर्धा भाग एका स्वराचा, मागचा अर्धा दुसऱ्याचा. आपल्याकडे श्रुतींच्या पेट्या निघाल्या त्याच्या कितीतरी आधी, चर्चमध्येच, हा उपाय झाला होता.

इंग्लंडमधल्या चर्चच्या ऑर्गनमध्ये सम-विभागणी रुळली ती एकोणिसाव्या शतकाचा मध्य उलटल्यावर. म्हणजे 'चर्चमधून आलं म्हणून टेम्पर्ड' हा कार्यकारणभाव उभाच राहत नाही. उलट शुद्ध स्वरांचे प्रयोग करायला हेल्महोल्ट्झ यांनी वापरलं ते वाद्य कोणतं? खास लावून घेतलेली हार्मोनियम. पुढे बोझांकेट यांनी सप्तकात ५३ स्वर बसवले, तेही हार्मोनियमवरच. रीड कशी घासायची हे माणूस ठरवतो. वाद्य टेम्पर्ड नसतं, लावणी टेम्पर्ड असते.

देवल-क्लेमेंट्स यांचं काय?

हे आपल्या मंडळींना कळलं नव्हतं असं समजू नका. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने स्वर तपासले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांनी तो विचार पुढे नेला, १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं आणि लंडनच्या मूर यांच्याकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. या लोकांबद्दल मला खरोखर आदर आहे. नुसती तक्रार न करता त्यांनी वाद्य बनवलं.

तरी टीका करायलाच हवी. एका थोर गायकाचा कान हा उत्तम नमुना आहे, पण तो एकच नमुना आहे. त्यावरून सगळ्या गायकीचे अपूर्णांक कायमचे ठरवता येत नाहीत. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवरून वाद झाला, त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. पुढे १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी कलाकारांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा दिसलं की स्वराची जागा कलाकारागणिक हलते, आणि एकाच कलाकाराच्या गाण्यातही हलते. म्हणजे 'खरा गांधार ३८६' हेसुद्धा गृहीतकच, मोजमाप नव्हे.

आणि गृहीतकांची किंमत मोजावी लागते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! पेटीवाल्यांच्या दोन पिढ्यांना रेडिओचं दार बंद होतं. स्वर लावता येत नाहीत, मींड निघत नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. मींडेचा तर अगदी रास्त होता. पण वाद्याची मर्यादा, लावणीची मर्यादा आणि वादकाची मर्यादा वेगळी करून कुणी मोजली होती का?

तिसरा दावा: गायक बेसूर होतो

आता उरला खरा प्रश्न. षड्ज २४० हर्ट्झ धरा. शुद्ध गांधार ३०० वर, टेम्पर्ड पेटीचा ३०२.४ वर. गायकाने शुद्ध गांधार स्थिर लावला आणि ऑर्गनही त्याच स्वरावर थांबला, तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाजाची लाट ऐकू येईल. हे कानाला कळतं, नाकारण्यात अर्थ नाही.

पण नाट्यपदात गायक गांधारावर किती वेळ स्थिर थांबतो? ऑर्गनवाला तिथे स्वर धरून ठेवतो की सोडतो? बालगंधर्वांच्या काळापासून ऑर्गनची साथ चालत आली. गोविंदराव पटवर्धनांसारखे साथीदार नेमकं काय करत, कुठे भरत, कुठे हात उचलत, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐका. मला वाटतं, चांगली साथ म्हणजे अर्धी तर न वाजवण्याची कला. आज डॉ. विद्याधर ओक यांच्यासारखे लोक २२ श्रुतींची पेटी घेऊन उभे आहेत. म्हणजे दोन लावण्या, तोच गायक, तेच पद, अशी तुलना करणं आता शक्य आहे.

माझं दुसरं प्रपोजल यावरच होतं. शीर्षकातून 'दुष्परिणाम' शब्द गेला आणि प्रश्न तीन झाले: साथीशिवाय गायकाचा गांधार कुठे असतो? टेम्पर्ड साथीत तो सरकतो का? सरकत असेल, तर वादक स्वर धरतो तेव्हाच की नेहमी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध कोसळत नाही. पहिल्या प्रपोजलमध्ये तो कोसळला असता.

तुमच्या विषयातही असं एखादं चहाच्या टपरीवरचं वाक्य असेल, सगळ्यांना मान्य असलेलं. ते कागदावर लिहा. त्यात किती दावे आहेत ते मोजा. प्रत्येकाखाली लिहा: हे कुणी मोजलं, कशावर, कितींवर? जिथे पेन थांबेल, तिथून तुमचं काम सुरू होतं.

आणि हो, पुढच्या वेळी संगीत नाटकाला जाल तेव्हा ऑर्गनच्या बाजूच्या खुर्चीवर बसा. वादकाचे हात कधी पट्टीवरून उठतात ते बघा.