मूळ भाषा आणि मराठी कान : रमाबाईंचे बायबल व विनोबांची ‘गीताई’

बायबलच्या मराठी भाषांतरांची चर्चा निघाली की ‘मूळ भाषांचे ज्ञान’ ही कसोटी प्रथम पुढे केली जाते. ज्या पाळकास हिब्रू व ग्रीक अवगत नाहीत, त्याचे प्रवचन इंग्रजी टीकाग्रंथांच्या उसनवारीवर चालते, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु मूळ भाषा जाणल्याने मराठी आपोआप साधते काय, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. पंडिता रमाबाईंचे बायबल आणि विनोबांची ‘गीताई’ शेजारी ठेवून पाहिल्यास त्याचा काहीसा उलगडा होतो.

दोन्ही भाषांतरांमागील प्रेरणा एकच आहे. वर्ध्यात १९३०-३१ साली विनोबांनी ‘गीताई’ रचली, ती संस्कृत न समजणाऱ्या आपल्या आईच्या इच्छेचे स्मरण ठेवून. केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी (१८५८-१९२२) बायबल मराठीत आणले, तेही अल्पशिक्षित स्त्रियांना ते वाचता यावे म्हणून. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ साली बाहेर पडला; त्याच्या छपाईचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. विदुषीने हिब्रू-ग्रीक शिकावे आणि त्या विद्येचा लाभ खेड्यातील बाईस व्हावा, ही घटनाच मराठीच्या इतिहासात अपूर्व होय.

मात्र येथून दोघांच्या वाटा भिन्न होतात. विनोबांपुढील मूळ भाषा मराठीच्या घरची होती. ‘योग’, ‘कर्म’, ‘स्थितप्रज्ञ’ हे शब्द त्यांना भाषांतरित करावे लागले नाहीत. ज्ञानेश्वरीपासून कीर्तन-प्रवचनांनी ते श्रोत्यांच्या कानी घातलेलेच होते. रमाबाईंना असा सेतू उपलब्ध नव्हता. उलट, १८७८ साली कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या या पंडितेस संस्कृत धर्मशब्दांमागील तत्त्वज्ञान इतके परिचित होते की, त्याची छाया ख्रिस्ती वचनांवर पडेल अशी त्यांना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर परिभाषा टाळून बोलीकडे झुकणारी साधी भाषा पत्करली. संस्कृत न जाणणाऱ्याने संस्कृत टाळणे निराळे. येथे त्याग जाणतेपणी झाला आहे.

हा त्याग कितपत योग्य, हे सरसकट ठरविता येत नाही. शब्दागणिक पाहावे लागते. योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायातच दोन्ही बाजूंची उदाहरणे सापडतात. तेथे ‘अनोथेन’ या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द योजला, तर वाचकाचे मन थेट चौऱ्यांशी लक्ष योनींकडे वळेल आणि मूळ आशय बुडेल. अशा ठिकाणी रमाबाईंचे धोरण निःसंशय योग्य ठरते.

त्याच अध्यायातील ‘न्यूमा’ हा शब्द मात्र उलट साक्ष देतो. हिब्रूतील ‘रूअह’प्रमाणे त्यात वारा, श्वास व आत्मा हे तिन्ही अर्थ एकवटलेले असून योहानाने त्यांवरच श्लेष साधला आहे. मराठीत ‘वारा’ व ‘आत्मा’ असे दोन शब्द योजताच तो श्लेष नाहीसा होतो. ‘प्राण’ या जुन्या शब्दात वायू, श्वास व जीवन यांचे साहचर्य आजही जिवंत आहे. तो येथे चपखल बसेलच असे नव्हे. पण मूळ ग्रीकाच्या जवळ जाण्याची वाट कधी कधी संस्कृतातूनच जाते, एवढे यावरून निश्चित दिसते. परंपरेचा शब्द केवळ परंपरेचा म्हणून टाकल्यास मूळ भाषेचे ज्ञानही तेथे उपयोगी पडत नाही.

या तुलनेवर असा आक्षेप येईल की, सातशे श्लोकांचा पद्यग्रंथ आणि सहासष्ट पुस्तकांचे बायबल यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. आक्षेप खरा आहे. परंतु येथे प्रश्न आकाराचा नसून श्रवणाचा आहे. ‘गीताई’ लोकांच्या तोंडी बसली. मराठी मंडळ्यांत मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली आणि रमाबाईंचे बायबल मुख्यतः अभ्यासकांच्या आदराचा विषय झाले. याला संस्थात्मक कारणे आहेतच. पण भक्तीच्या भाषेत जो नाद पिढ्यान्‌पिढ्या साठतो, त्यापासून हे भाषांतर दूर राहिले, हेही एक कारण मानावे लागते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी पत्करली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग पत्करला. ख्रिस्ती आशय त्यामुळे उणावला असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा मराठी पाळकाच्या कपाटात हिब्रू व ग्रीक कोशांइतकेच ज्ञानेश्वरी व तुकारामगाथेलाही स्थान हवे. रमाबाईंनी पहिली अट असामान्य निष्ठेने पुरी केली. दुसरी त्यांनी जाणूनबुजून नाकारली. त्या नकाराचा शब्दशः हिशेब, म्हणजे रमाबाईंचे बायबल व सोसायटीची आवृत्ती यांचा मूळ हिब्रू-ग्रीक पाठाशी ताडून केलेला तौलनिक शब्दकोश, हे आपल्या विभागांतील संशोधकांनी हाती घेण्याजोगे काम आहे.