न मिसळलेलं पाणी

गेल्या पावसाळ्यात टॅबवर एक तळं रंगवायला घेतलं. निळ्याचे चार थर, वर ब्लर, मग ब्लेंड. इतकं गुळगुळीत झालं की पाण्याऐवजी प्लास्टिकचा कागद अंथरल्यासारखं दिसायला लागलं. वैतागून क्लोद मोनेचं 'ला ग्रनुयेर' उघडलं आणि नुसता झूम करत गेलो.

१८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार पॅरिसजवळ, सेन नदीवरच्या या सहलीच्या ठिकाणी शेजारी-शेजारी चित्रं काढत होते. मधलं गोल बेट तेच, होड्या त्याच. रेन्वारचं चित्र स्टॉकहोमला आहे. त्यात माणसं जवळ येतात, कपडे नीट दिसतात, पाणी मऊ लुकलुकतं. मोनेचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात माणसं चार फटकाऱ्यांत उरकली आहेत. सहलीची मजा हवी असेल तर रेन्वारकडेच जावं. मोनेचा जीव पाण्यात अडकलाय.

पण झूम केलं की तिथे पाणी सापडतच नाही. नुसते आडवे, जाड पट्टे. फिकट निळे, मातकट, काळपट. जवळचे रुंद आणि सुटे, लांबचे बारीक आणि दाट. प्रत्येक पट्टा म्हणजे प्रतिबिंबाचा तुटलेला तुकडा: लाटेचा एक उतार आकाश दाखवतो, दुसरा झाडांचा अंधार.

इम्प्रेशनिस्टांचे रंग लांबून पाहिल्यावर डोळ्यात मिसळतात, असं नेहमी सांगितलं जातं. या चित्रापुरतं मला ते पटत नाही. फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवरही हे पट्टे वेगळेच राहतात. मिसळले असते तर माझ्या तळ्यासारखं झालं असतं. पाणी हलतंय असं वाटतं, ते मोनेने पट्टे जोडायचं टाळलं म्हणून.

गंमत म्हणजे मोनेला हे चित्र पूर्ण वाटत नव्हतं. मित्र बाझीलला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या कामाला वाईट कच्ची चित्रं म्हटलं होतं. मनात होतं ते एक मोठं चित्र.

ऑफिसात माझा कोड कुणाला दाखवायच्या आधी मी तो घासूनपुसून निर्जीव करतो. कच्चं दिसायची भीती वाटते, दुसरं काही नाही. ते तळं आता पुन्हा उघडलंय. ब्लेंडचं टूल बोटाजवळच आहे. ते न वापरणं सगळ्यात अवघड जातंय.