संकल्पाचा रकाना

शनिशिंगणापूरच्या बनावट ॲपचे प्रकरण जुलै २०२५ मध्ये विधानसभेत गाजले. देवस्थानच्या नावाने ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे परस्पर वळवल्याचा आरोप होता. मुख्यमंत्र्यांनीच सभागृहात त्याबद्दल सांगितले. त्या काळातली हाती लागली तेवढी मराठी वृत्तपत्रे मी वाचून काढली. सगळा हिशेब पैशांचा होता. किती कोटी, कोणाच्या खात्यात, कोण सामील, एवढेच. पण ऑनलाइन पूजा सांगणारा माणूस पैशांआधी नाव आणि फोन नंबर देतो, बहुतेक ठिकाणी गोत्र देतो, पूजा कशासाठी हेही लिहितो. शनीला तेल वाहणारा सहसा सुखात नसतो. साडेसाती, कोर्टकचेरी, आजारपण, बुडालेला धंदा असे काहीतरी मागे असते. अशा लोकांची यादी ठगाच्या हाती लागणे ही चोरीच आहे, आणि माझ्या मते पैशांच्या चोरीपेक्षा मोठी. तिच्याबद्दल मला एक ओळही वाचायला मिळाली नाही.

पूजेच्या ॲपवरचा अर्ज हा एक मजकूर आहे असे समजून तो वाचावा, एवढाच या लेखाचा उद्देश. बंगळुरूच्या कंपनीचे ‘श्रीमंदिर’ हे या प्रकारातले मोठे नाव. २०२० साली निघालेल्या या कंपनीत गुंतवणूकदारांनी कोट्यवधी डॉलर घातले आहेत. भाविक घरबसल्या दूरच्या देवळातली पूजा निवडतो, नाव-गोत्र देतो, आणि पूजेचे चित्रीकरण त्याला फोनवर मिळते. यात फसवणूक नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला काशीची पूजा घडत असेल तर तिला नावे ठेवणारा मी कोण?

अडचण रकान्याची आहे. घरी गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा आपण नाव, गोत्र आणि हेतू बोलतो, हातावरून पाणी सोडतो, संपले. ऐकणारे घरचेच. नवसाची रीत तर याहून घट्ट. नवस मनात बोलायचा आणि फेडताना लोकांना कळला तर कळला. आमच्या भागात फेडायच्या आधी कोणी नवस विचारत नाही, विचारणे उद्धटपणाचे मानतात. गोपनीयता हा शब्द कायद्यातून आला असेल, वस्तू मात्र आपल्या देवघरात जुनीच आहे. ॲपवर तोच हेतू टंकला की तो तारीख, वेळ आणि फोन नंबरासह साठतो.

जुन्या काळीही भाविकांची नोंद होत होतीच, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची सही, गाव, भावांची नावे सापडतात. मला त्या वह्यांचा फार आदर आहे, पण त्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांच्या सूक्ष्मफिती अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने काढून नेल्या आहेत. ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना कोण विचारायला गेले असेल? तरीही फरक उरतो. वहीत कोण आले हे असते, का आले हे फारसे नसते. आणि वही सांभाळणाऱ्या उपाध्यायाचे नाव, घर, ओटा आपल्याला ठाऊक असतो.

दुसरा रकाना ठिकाणाचा. पंचांगाचे ॲप फोनचे ठिकाण मागते, आणि कारण खरे असते. संकष्टीचा चंद्रोदय गावागणिक बदलतो. पण किती बदलतो? एका रेखांशाला चार मिनिटे. मुंबई आणि गडचिरोली यांच्यात साधारण सात रेखांश, म्हणजे जवळजवळ अर्धा तास. मेहकरपासून वीस किलोमीटर इकडेतिकडे गेलात तर फरक मिनिटभराचाही नाही. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ शहरांच्या नावांपुढे चंद्रोदयाच्या वेळा छापून हे काम भागवत आले आहे. तालुक्याचे नाव पुरते तिथे घराच्या उंबऱ्यापर्यंतचे ठिकाण दिवसरात्र मागायचे कारण उपवास सोडणे हे असूच शकत नाही.

ते दुसरे कारण काय असू शकते हे नोव्हेंबर २०२० मध्ये दिसले. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणारे ॲप जगभर कोट्यवधींच्या फोनवर होते. त्यातून वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या दलालाकडे जात होती, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, असे ‘व्हाइस’च्या पत्रकारांनी उघड केले. ॲपवाल्यांनी दलालाशी संबंध तोडला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच दलालावर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी आणणारा आदेश काढला. किब्ल्याच्या जागी चंद्रोदय ठेवून पाहा, गोष्ट तीच राहते.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? २०१८ च्या श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात धार्मिक श्रद्धा ही ‘संवेदनशील’ माहिती म्हणून वेगळी धरली होती. जात, आरोग्यही त्यात होते. २०१९ च्या विधेयकातही तो वर्ग होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात हा वर्गच नाही. म्हणजे किराण्याची यादी आणि संकल्पाचा हेतू यांना संमतीची वाट एकच. ही गळती मला अनवधानाची वाटत नाही. संमतीच्या कलमांत तर मोठेच भगदाड आहे. कायदा धरून चालतो की माणूस स्वतःची माहिती स्वतः देतो. आपल्याकडे पूजा बहुधा दुसऱ्यासाठी सांगतात. आई मुलाच्या नोकरीसाठी, बहीण भावाची दारू सुटावी म्हणून, सासू सुनेला मूल व्हावे म्हणून. सुनेचे नाव, गोत्र आणि तिची अडचण रकान्यात भरली जाते. संमतीचे बटण सासू दाबते.

हिवरा आश्रमात राहणाऱ्याला एक तुलना सुचणारच. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला इथे लाखोंच्या पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, आणि पंगतीत कोणाला नाव विचारत नाहीत. आमच्याच जिल्ह्यात शेगावला नोव्हेंबर २०२० मध्ये मंदिर उघडले ते ऑनलाइन ई-पास घेऊन. साथीच्या दिवसांत गर्दी मोजायला ते लागतच होते, त्यावर टीका नाही. पण साथीत आपल्याला नाव नोंदवून दर्शनाला जायची सवय लागली. मोठ्या देवस्थानांचे आगाऊ दर्शन आज फोन नंबराशिवाय मिळणे कठीण झाले आहे.

देवस्थानांनी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्यांना खर्चही नाही. हेतूचा रकाना काढून टाकावा. तो देवाला ठाऊक असतो अशी आपलीच समजूत आहे. पूजा झाली की नाव-गोत्र पुसावे. देणगीच्या पावतीचा हिशेब करासाठी ठेवावा लागतो, तो संकल्पापासून वेगळा ठेवावा. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. तोवर भरलेले रकाने कुठे आहेत, हे प्रत्येक संस्थानाच्या विश्वस्तांना लेखी विचारता येईल. शिंगणापूरच्या बनावट ॲपवर ज्यांनी पूजा सांगितल्या, त्यांच्या नावांपासून सुरुवात करावी.