सरकारी दप्तरातील सतरा धर्मगुरू

‘फॉर ग्रेटर ग्लोरी’ हा २०१२ साली निघालेला चित्रपट आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एका रविवारी सभागृहात दाखविला. चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली मुलेही शेवटपर्यंत जागी होती. मेक्सिकोत १९२६ साली राष्ट्राध्यक्ष कायेस यांनी ख्रिस्तसभेवर कठोर कायदे लादले, महागुरूंनी सार्वजनिक उपासना थांबविली आणि खेड्यापाड्यांतील श्रद्धावंत हाती शस्त्र घेऊन उठले. ‘क्रिस्तेरो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बंडखोरांची ही कथा. चित्रपट भव्य आहे. पण त्याचे घोडे जितके धावतात तितका त्याचा विचार धावत नाही, असे आमचे मत झाले. चौदा वर्षांचा होसे सांचेस देल रिओ आणि सेनापती गोरोस्तिएता यांना तो एकाच तेजोवलयात बसवितो. ख्रिस्तसभेने तसे केलेले नाही. २००० साली संतपदाला चढविलेले त्या काळातील मेक्सिकन धर्मगुरू शस्त्र न उचललेले होते. होसेला २०१६ साली संत घोषित केले गेले ते श्रद्धा नाकारण्यापेक्षा मरण पत्करल्यामुळे, निशाण धरल्यामुळे नव्हे. हा भेद दिग्दर्शकाने गाळला आहे.

चित्रपटानंतर एका मुलाने विचारले, “फादर, आपल्याकडे असे कोणी लढले का हो?” या प्रश्नामुळे आम्ही कुन्य रिव्हारा यांचे पुस्तक पुन्हा उघडले.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध शिजलेला कट कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जातो. सत्तेचाळीस जण पकडले गेले. त्यांत सतरा धर्मगुरू होते. एक गोळीही सुटण्यापूर्वी सारे उघडकीस आले. १७८८ मध्ये पंधरा जणांना क्रूरपणे ठार करण्यात आले. धर्मगुरूंपैकी बहुतेकांना लिस्बनला धाडले आणि साव जुलियाव किल्ल्यात खटल्यावाचून डांबून ठेवले. काही तेथेच मेले. उरलेल्यांतील काहींच्या कैदेची वीस वर्षे भरली. मेक्सिकोत श्रद्धावंत उठले ते देवळाचे दार बंद करणाऱ्या राज्यकर्त्यांविरुद्ध. येथे मात्र राजाही कॅथोलिक आणि बंडखोरही कॅथोलिक. म्हणूनच हे प्रकरण आम्हांस अधिक अवघड वाटते.

रिव्हारा हे १८५५ पासून गोवा सरकारचे मुख्य सचिव. कोंकणी भाषेची उपेक्षा करणाऱ्यांना १८५८ साली त्यांनी खडे बोल सुनावले होते. अशा माणसाच्या निःपक्षपातीपणाबद्दल वाचकाच्या मनात आधीच आदर असतो. १८७५ साली त्यांनी या कटाचा इतिहास कागदपत्रांसह छापला. त्यांनी ते केले नसते तर ही नावे दप्तरातच कुजली असती. हे ऋण मान्य करूनही आमची एक तक्रार आहे. पुस्तकाचा आधार आहे तो पकडणाऱ्यांच्या कागदांचा. आरोपी तेथे बोलतात ते सत्तेपुढे, जिवाच्या भीतीने. त्यांनी एकमेकांशी काय म्हटले, वेदीसमोर उभे असताना त्यांच्या मनात काय होते, हे त्या कागदांत येणार तरी कसे?

याचा परिणाम कटाच्या कारणमीमांसेवर झाला आहे. फादर कायतान फ्रान्सिस्क द कोउतु आणि फादर जुझे आंतोनियु गोन्साल्विस पोर्तुगालला गेले होते ते क्रांगानूर व मैलापूर येथील रिक्त महागुरुपदे एतद्देशीयांना मिळावीत म्हणून. ती मिळाली नाहीत. सरकारी नजरेला येथे महत्त्वाकांक्षाच दिसते. ती मुळीच नव्हती असे आम्हीही म्हणणार नाही. तीस वर्षांच्या सेवेत धर्मगुरूंची महत्त्वाकांक्षा आम्ही जवळून पाहिली आहे, आणि आरशातही पाहिली आहे. परंतु १७६१ साली राजाच्याच फर्मानाने एतद्देशीय ख्रिस्ती प्रजेला समान हक्क दिले होते. कायद्याने दिलेले मागावयास गेलेल्यास कातडीचा रंग दाखवून परत पाठवावे, याला केवळ पदाची हाव कसे म्हणावे? ती मागणी न्याय्य होती हे पुढे खुद्द ख्रिस्तसभेनेच दाखविले. १९५० साली गोवेकर आईबापांचे पुत्र व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले, १९५३ साली कार्डिनल. मागणी न्याय्य ठरल्याने कट न्याय्य ठरतो का? आम्हांस तसे म्हणवत नाही. रक्तपाताची तयारी करणारा हात त्याच सकाळी पवित्र भाकर उंचावत होता, हे चित्र आम्हांस अस्वस्थ करते.

साहित्याने या मंडळींवर अन्यायच केला. कांदोळीतच जन्मलेल्या आबे फारीया यांना दुमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’त इटालियन करून शातो दीफच्या कोठडीत बसविले व जगप्रसिद्ध केले. साव जुलियावच्या खऱ्या कोठड्यांतील गोवेकर धर्मगुरूंच्या वाट्याला तसा कादंबरीकार आला नाही. फादर गोन्साल्विस तर निसटून इंग्रजांच्या मुलखात गेले आणि कलकत्त्यात इंग्रजी शिकवीत वारले. एवढ्या एका वाक्यात कादंबरीचे बीज आहे.

रिव्हारांनी आपल्या शीर्षकात ‘कट’ हा शब्द वापरला. फादर चार्ल्स बोर्जिस यांनी १९९६ साली संपादिलेल्या इंग्रजी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘उठाव’ आला. मजकूर तोच, कागद तेच. शब्द बदलताच आरोपी बंडखोर झाले. हे पुस्तक कोणी मराठीत आणणार असेल तर त्याने आधी या एका शब्दापाशी थांबावे, आणि त्या सतरा जणांची नावे तळटीपेत न टाकता पहिल्या पानावर छापावीत.