जोडणी-करार आणि दोषसंरक्षणाची जबाबदारी : एक चिकित्सा

वीजनिर्मिती केंद्र आणि वीजवाहिन्यांचे जाळे यांचा सांधा जेथे जुळतो, तेथे मालकीची सीमा असते. विद्युत्दोषाला मात्र ती सीमा ठाऊक नसते. जोडणी-कराराचे परीक्षण करताना हा भेद त्यात कितपत ओळखला आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 2005 साली विभाजन होईपर्यंत या सांध्याच्या दोन्ही बाजू बहुधा एकाच संस्थेच्या असत. त्यानंतर निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या कंपन्या वेगळ्या झाल्या. शिवाय 2003 च्या विद्युत अधिनियमाच्या सातव्या कलमाने निर्मितीस परवान्याची अट ठेवली नाही. जोडणीच्या तांत्रिक मानकांचे पालन एवढीच अट ठेवली. पूर्वी जे एका कचेरीत ठरत असे, ते आता मानकांच्या व कराराच्या शब्दांनी ठरावे लागते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या मानकांनी प्रत्येक जोडणी-उपकेंद्रासाठी जबाबदारीचे परिशिष्ट सांगितले आहे. उपकरणांची मालकी, नियंत्रण, देखभाल, चालन आणि माणसांची सुरक्षितता यांची वाटणी त्यात होते. ही वाटणी उपकरणनिहाय आहे आणि तिचे तेवढे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु रिलेची सेटिंग ही बाब त्यात स्वतंत्रपणे येत नाही. मानके संरक्षणाचा समन्वय प्रादेशिक समितीकडे सोपवितात. उच्चदाबाच्या मोठ्या केंद्रांना ते पुरेसे आहे, तालुक्याच्या उपकेंद्राला ते दूरचे आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड-घनसावंगी पट्ट्याचा विचार करू. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील हा उसाचा प्रदेश. अशा प्रदेशात सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याचे जनित्र गळीत हंगामात जाळ्याशी जोडलेले असते, एरवी नसते. म्हणजे वाहिनीतील दोषप्रवाहाचे प्रमाण हंगामानुसार बदलते. आता समजा, वाहिनीची एक तार जमिनीवर पडली. उपकेंद्राचा ब्रेकर उघडला, पण जनित्र चालूच राहिले. कारखान्याच्या रोहित्राचे वाहिनीकडील वेटोळे डेल्टा जोडणीचे असेल, तर भूदोषाचा प्रवाह त्या टोकाकडून जवळजवळ वाहतच नाही, आणि प्रवाह मोजणारा रिले गप्प बसतो. निकोप फेजांचे जमिनीशी असलेले व्होल्टेज मात्र सुमारे 1.73 पट होते. हा दोष ओळखण्यास तटस्थ बिंदूचे विस्थापन मोजणारा वेगळा रिले लागतो. सौर केंद्रात अडचण निराळी : इन्व्हर्टरचा दोषप्रवाह पूर्णभाराच्या प्रवाहाहून फारसा अधिक नसतो.

येथेच मालकीवर आधारलेली वाटणी अपुरी पडते. हा रिले कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या खर्चाने बसतो. रक्षण करतो ते वितरण कंपनीच्या वाहिनीचे आणि तिच्यावर काम करणाऱ्या लाइनमनचे. ज्याचे उपकरण, त्याचाच लाभ, हे गृहीतच येथे टिकत नाही.

33 केव्हीखालील जोडणीसाठी 2013 साली वेगळे विनियम झाले. अनपेक्षित विलगीकरण घडल्यास निर्मितीने दोन सेकंदांत पुरवठा थांबवावा, असे ते सांगतात. ही मर्यादा स्पष्ट आहे, आवश्यकही आहे. तथापि काय घडावे हे सांगणे आणि ते घडेल याची हमी कोणाकडे, हे सांगणे या भिन्न गोष्टी होत. वितरण कंपनीने रोहित्र बदलले किंवा वाहिनी वाढविली, तर कालची योग्य सेटिंग आज अयोग्य ठरते. 30 जुलै 2012 रोजी बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्ही वाहिनी दोष नसताना, केवळ भारामुळे, रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राने तोडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. सेटिंग हा क्षुल्लक तपशील नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

म्हणून करारात प्रत्येक रिलेपुढे मालकाच्या नावाखेरीज आणखी तीन नावे असावीत : सेटिंग कोण देणार, तिची चाचणी कोण घेणार, आणि जाळ्यात बदल झाल्यास दुसऱ्या पक्षास कोण कळविणार. हंगामी जनित्रासाठी ही तपासणी गळीत सुरू होण्यापूर्वी व्हावी. हे रकाने कोरे राहिले, तर अपघातानंतर दोन्ही पक्षांजवळ करार असेल आणि उत्तर कोणाजवळच नसेल. खांबावर चढणाऱ्या माणसाला ते उत्तर चढण्यापूर्वी हवे असते.